नावाच्या जागी

वर्षाराणी : म्हणजे सरांचं वाक्य पुस्तकात राहू दे, पण नाव कापायचं नाही. असंच ना, काका?

यल्लाप्पा : असंच. माझ्या पोराचं बोलणं पुस्तकात घालायचं असंल तर खाली प्रसेनजीत यल्लाप्पा शिंगे असं पायजे. न्हायतर नगंच.

वर्षाराणी : कुणाचंच नाव नाही हो त्यात. आमच्या कॉलेजच्या शिपायाचं नाही, प्राचार्यांचं नाही, माझंसुद्धा नाही.

यल्लाप्पा : तुमी जित्या हायसा.

संघप्रिया : आबा.

यल्लाप्पा : खोटं बोललो काय?

वर्षाराणी : नाही, काका.

यल्लाप्पा : संघे, मॅडमना चहा दिलास?

संघप्रिया : त्यांच्या पुढ्यातच आहे की.

यल्लाप्पा : हां. दिसतंय, पर ध्यानात येत न्हाय. शिरोळच्या रस्त्याला त्याची गाडी उसाच्या ट्रॉलीवर गेली, तवापासनं हे असंच. लोक येत्यात, रडत्यात, मी बसतो. आत कायबी हालत न्हाय बगा. पुस्तक तरी कसलं हाय ते सांगा. त्यो सांगायचा तवा मी नुसतं हूं हूं करायचो.

वर्षाराणी : इंग्रजी क्रियापदांचं. एकेक क्रियापद वाक्यात कसं बसतं, त्याच्यामागं काय काय येतं, ते मुलांना दाखवायचं. पण उदाहरणं मनानं रचायची नाहीत, हा सरांचा हट्ट. राम आंबा खातो, बंद. इथली माणसं खरोखर जे इंग्रजी बोलतात ते टेप करायचं, लिहून काढायचं, आणि त्यातलंच वाक्य उचलायचं. आम्ही दोघांनी मिळून मोठा साठा केलाय.

यल्लाप्पा : हितं कोण बोलतंय इंग्रजी?

वर्षाराणी : सगळे की. रिफ्यूज म्हणजे नकार देणं. त्याच्याखाली गंगावेशीतल्या एका दूधवाल्याच्या पोरीचं वाक्य आहे. 'द बफेलो रिफ्यूजेस टू गेट अप.'

यल्लाप्पा : म्हस?

वर्षाराणी : उठायलाच तयार नाही म्हणे.

यल्लाप्पा : बरोबर हाय. म्हस काय कुणाचं ऐकत न्हाय.

संघप्रिया : दादा तेच सांगत सुटलेला सगळ्यांना. भाजी आणायला गेला तरी भाजीवालीला सांगून आला.

यल्लाप्पा : मग त्याचं सोताचं बोलणं त्यात कसं आलं?

संघप्रिया : माझ्याशी बोलायचा की. मला इंग्रजीत मुलाखत द्यायची सवय व्हावी म्हणून. मधी मोबाईल ठेवायचा आणि म्हणायचा, बोल.

वर्षाराणी : जो बोलला त्यानं हो म्हटलं तरच छापायचं, असं आमचं ठरलंय. सर नाहीत. म्हणून तुम्हाला विचारायला आले.

यल्लाप्पा : मी सांगिटलं की. नाव घाला. माझ्या बापाला गावात नावानं कुणी हाक मारली न्हाय. 'ए' म्हणायचे, न्हायतर शीळ घालायचे, आन त्यो पळायचा. म्हणून मी पोराला राजाचं नाव दिलं, बुद्धाच्या वक्ताचा राजा. एस्टीत कंडक्टर हुतो, प्याशिंजर इचारायचं, पोराचं नाव काय? मी सावकाश सांगायचो, एकेक अक्षर. ते तुमी पुसणार?

वर्षाराणी : मी ठेवते, काका. एवढ्या एका वाक्याला ठेवते. मला कोण विचारतंय?

संघप्रिया : दादाला चाललं नसतं.

यल्लाप्पा : तुला काय म्हाईत?

संघप्रिया : नावं कापायचा नियम त्यानंच केलाय.

यल्लाप्पा : त्यानं?

संघप्रिया : ताई, तुम्ही सांगा. मला बोलायचासुद्धा कंटाळा येतो आता.

वर्षाराणी : आमच्याकडं यायच्या आधीची गोष्ट, काका. बाहेरगावी कुठंतरी सरांनी निबंध वाचलेला, मोठ्या लोकांपुढं. नाव पुकारलं तसे लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग नुसते इंग्रजीतल्या चुका हुडकत बसले. काय म्हणतोय ते कुणी ऐकलंच नाही. सर म्हणायचे, आपल्या पुस्तकात आधी वाक्य वाचू देत. कोण बोललं ते वाचणाऱ्याला कळायलाच नको.

यल्लाप्पा : मला बोलला न्हाय त्यो.

संघप्रिया : तुम्ही एवढ्या कौतुकानं ठेवलेलं नाव. कुठल्या तोंडानं सांगणार?

यल्लाप्पा : मला वाटलेलं, राजाचं नाव ठेवलं की झालं. मिटलं.

वर्षाराणी : काका, चहा गार झाला तुमचा.

यल्लाप्पा : हू दे. त्याचा आवाज हाय न्हवं तुमच्या मोबाईलात? लावा.

संघप्रिया : तुम्हीच नको म्हणता की. त्याचा एक मेसेज ऐकला नाहीसा इतक्या महिन्यांत.

यल्लाप्पा : लावा म्हणतोय न्हवं.

वर्षाराणी : छोटंच आहे. ऐका.

(मोबाईलवर प्रसेनजीतचा आवाज : 'माय फादर,' मग टूं असं वाजतं, 'मेड मी रीड एव्हरी बोर्ड ऑन द रोड.' शेवटी थोडं हसू.)

यल्लाप्पा : फादर कळलं. फुडं काय?

वर्षाराणी : माझ्या वडलांनी मला रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचायला लावली. मेक म्हणजे एखाद्याला काहीतरी करायला लावणं. त्याच्याखाली पुष्कळ वाक्यं जमलीत आमच्याकडं. साहेबानं थांबायला लावलं, सासूनं रडायला लावलं. वडलांनी वाचायला लावलं, असं हे एकच.

यल्लाप्पा : सुट्टीला न्यायचो माझ्या एस्टीत. बिद्रीच्या पुढं गेलं की झोपायचा. हालवून उठवायचो, वाच म्हणायचो. लई पिडलं मी त्याला. मला वाटायचं, राग असंल माझा.

संघप्रिया : नव्हता.

यल्लाप्पा : मधी टूं कशाचं वाजलं?

वर्षाराणी : तिथं नाव होतं. सरांनीच कापलंय.

यल्लाप्पा : कुणाचं?

संघप्रिया : तुमचं.

यल्लाप्पा : माझं नाव घेतलं त्यानं?

संघप्रिया : माय फादर, आणि मग नाव.

यल्लाप्पा : बोलायला लागल्यापासनं आबाच म्हणायचा. त्याच्या तोंडनं माझं नाव मी कदी ऐकलंच न्हाय. टूं नसलेलं असंल की तुमच्याकडं?

वर्षाराणी : नाही, काका. नाव कापलं की मूळ आवाज पुसायचा, असं सरांनी घालून दिलेलं. त्यात फार कडक होते. येण्याआधी मी सगळीकडं शोधलं. नाही मिळालं.

यल्लाप्पा : असू दे. त्यो म्हणला तसंच छापा. नाव नगं. त्याचं बी नगं, माझं बी नगं.

वर्षाराणी : नक्की ना? मी ठेवू शकते, खरंच.

यल्लाप्पा : नगं. वाक्य वाचू देत लोक. संघे, तू समोर हुतीस न्हवं?

संघप्रिया : होते.

यल्लाप्पा : कसं म्हणला?

संघप्रिया : साधंच.

यल्लाप्पा : म्हणून दाखव.

संघप्रिया : मी कसं म्हणू, आबा? बापाला कोण नावानं म्हणतंय?

यल्लाप्पा : त्यो म्हणला की, तुझ्याच म्होरं. म्हण त्याच्यावानी.

संघप्रिया : यल्लाप्पा.

यल्लाप्पा : काय रं?