पाणी टाकलं का?

...आणि पुन्हा तेच. "पाणी टाकलं का?" अहो, लिथियमच्या बॅटरीत पाणी नसतं, टाकायचंही नसतं, हे मी किती जणांना सांगू? तुम्हाला सांगतो, स्वीडनला राहून बॅटऱ्यांचंच शिकलो, तिथे हा प्रश्न एकानेही विचारला नाही, आणि गावी, धावड्यात पाऊल ठेवल्यापासून दुसरा प्रश्न नाही. पाठीला पंखा बांधून, डोक्यावर कापडी पंख पसरून माणूस उडतो ते पॅरामोटर, आणि माझं तर विजेवरचं. धूर नाही, पेट्रोल नाही, गावाचं आभाळ गावाच्या मालकीचं... पारावर भाषण दिलं मी, घसा बसेपर्यंत. शेवटी शेजारचे बद्रीनाथभाऊ उठले. "समदं पटलं. पन पाणी कितीक दिसानं टाकायचं?"

आता बॅटरी निवडायची, तर जाती दोन. एक लोह-फॉस्फेटची. थंड डोक्याची, शहाणी, पण जड; दोघांना पाठीवर घेऊन ती जमीनच सोडत नाही. दुसरी निकेलची. हलकी, जोरदार, पण डोकं फिरलं की पेटते आणि विझायचं नाव घेत नाही. माझ्यासारखा शिकलेला माणूस कोणती घेईल? शहाणीच ना? पण उडायचं होतं दोघांना. मी आणि कारभारीकाका.

काका म्हणजे माझे चुलते. डोळ्यांत काचबिंदू. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडेने मिटत आलीय, दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. काका एवढंच बोलले, "जल्मभर ह्या शिवारात खाली मान घालून चाल्लो. एकबार वरून पाहू दे. मंग मिटू दे." आता सांगा, शहाणी बॅटरी कोणत्या तोंडाने घेऊ?

हलकी घेतली. आणि जपली किती म्हणता... पेटी स्वतः बनवली, आत गरम झालंच तर वाफ बाहेर पडावी म्हणून वरती झाकण बसवलं, फिरकीचं, गोल, लाल. मग वारा पडायची वाट. रोज सकाळी काका अंगणात गमज्याचं टोक वर धरून बघायचे. "आज बी हाय रे." आणि चुलीपासून द्वारकाकाकू, "पडू नका म्हंजे झालं. त्यात पाणी टाकलं का?"

परवा पडला वारा. लिंबाचं पान हलेना. मी पंख पसरायला वावरात गेल्तो, काका छपरात बॅटरीपाशी. मिटत आलेल्या नजरेच्या मधोमध त्यांना काय दिसलं असेल? लाल झाकण. ट्रॅक्टरच्या बॅटरीला असतं, अगदी तस्सं. ती बॅटरी त्यांनी वर्षानुवर्षं पाणी घालून जगवलेली. पोरगं एवढ्या उंच जाणार, बॅटरी कोरडी कशी पाठवायची? ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बाटलीतलं पाणी कमी पडलं, तर वरून बोअरचं ओतलं. आमचं बोअर खारं, खाऱ्या पाण्यातून वीज कशी धावते हे... जाऊ द्या.

आधी शिट्टी, मग धूर, मग जाळ. छप्पर गेलं. काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, कारण पेटलेली पेटी ते बाहेर ओढत होते. माझी म्हणून.

इथे दवाखान्यात, पट्ट्या बांधून झाल्यावर म्हणाले, "केदार, धूर पाह्यला का? सरळ वर गेला. वारा बिलकुल न्हवता. आजचाच दिवस होता बघ."

डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत बरे होतील. हात.

मी बाहेर बाकड्यावर बसलोय. मघाशी बद्रीनाथभाऊ येऊन गेले, काकांना बघून माझ्याशेजारी टेकले. मग खांद्यावर हात ठेवून, हळूच, अगदी मायेनं...

"बॅटरी जळाली म्हनं. पाणी टाकलं न्हवतं का?"

टाकलं होतं, भाऊ. टाकलं होतं.