भिंतीच्या जागी कपाट

बाळाच्या लसीसाठी दवाखान्यात थांबले होते. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"मग वहिनी, काढलं का ते कपाटाचं धूड?"

"नाही ना ताई. आधी इंजिनिअरला बोलावलं."

"कपाट बघायला इंजिनिअर?"

"हसा. मामंजींनी तिथली भिंत पाडून कपाट बसवलं होतं. मग भिंतीवरचा भार गेला कुठे, हे कुणालाच सांगता येईना."

"बाबा म्हणायचे, ती नुसती आडोशाची भिंत होती."

"इंजिनिअरने कपाट आणि छताची तुळई यांच्यामध्ये कागद सरकवून पाहिला. शिरेचना. तुळई वाकून कपाटावर टेकलीय. वरची अख्खी खोली इतकी वर्षं त्या कपाटाने पेललीय."

"मुलं झोपतात ती खोली?"

"तीच. आता खाली झोपवते त्यांना. लोखंडी टेकू लावलेत."

"आम्ही वर उड्या मारायचो गं. बाबा खालून ओरडायचे, छत पाडाल म्हणून."

"काल कपडे घ्यायला गेले, तर कपाटाचं दार उघडायचा धीर होईना. नुसता हात टेकवून उभी राहिले."

मी बाळाला उगाचच जवळ ओढलं.

"वहिनी, लपाछपीत मी त्याच कपाटात बसायचे. आत इतकं शांत वाटायचं."