झाडावरचाच नारळ

विंग फॉइलिंग मी धरणावर भाड्याच्या सामानावर शिकलो, पण स्वतःचं कोरं सामान घेऊन पहिल्यांदा उतरलो तो कळंबच्या समुद्रात. काय शोभा झाली माझी! हातात फुगवलेला पंख, पायाखाली फळी आणि फळीखाली कमरेएवढा दांडा. वारा भरला की फळी पाण्याच्या वर उचलली जाते. माझा दांडा मात्र दर वेळी वाळूत रुतायचा आणि मी तोंडावर आपटायचो.

बोंबील वाळत घालणारी मावशी ओरडली, "नवी होडी ना? दर्याला नारळ दिलास?"

"मावशी, ही होडी नाही."

"पान्यात जाते ना? मग नारळ पायजे. दुकानातला नको, झाडावरचा आन."

स्कूटर काढली. नंदाखालला मित्राच्या वाडीत नारळ उतरवून घेतला आणि दोन तासांनी परत आलो. नारळ समुद्रात सोडला, फळीवर चढलो आणि अरे, उडालो ना! पार जेट्टीवरची माणसं उभी राहून बघत होती.

धावत येऊन म्हटलं, "मावशी, नारळ पावला!"

"नारळ कसला? ओहोटीत घुसलेलास. पानी भरायला दोन तास लागनार होते. नुसतं थांब म्हटलं असतं, तर थांबला असतास?"