मानेचा साचा

— अहं, बोलायचं नाही. हुंकारसुद्धा नाही. मानेवरचं प्लास्टर घट्ट होईपर्यंत दहा मिनिटं पुतळा व्हायचं — हो असेल तर डोळे एकदा मिटा, नाही असेल तर दोनदा, बास. घड्याळजी ना तुम्ही? वाटलंच. दारातून आलात तेव्हाच ओळखलं, हनुवटी छातीकडे, डावा खांदा वर, एक डोळा बारीक. मान मोडून काम करणारे सगळे शेवटी माझ्याकडेच येतात, मानेचा पट्टा करून घ्यायला. दिवसभर मान वर करायला फुरसत नाही, आणि पन्नाशीला मान म्हणते, आता तू सांगितलंस तरी मी काही वर होत नाही. गार लागतंय? थांबा जरा, आपोआप गरम होईल, प्लास्टरचा गुणच आहे तो. मगाशी तुमची मान चाचपताना मला वेळ लागला, नाही का? वय झालं, दुसरं काय.

माणसाला स्वतःची मान कधी दिसत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? आरशात दिसतो तो गळा. मान दिसते मागच्या माणसाला. सात मणके असतात — जिराफालाही सातच, खोटं नाही सांगत — आणि त्या सातांवर चार-पाच किलोचं डोकं. पहिला मणका डोकं नुसतं पेलतो, दुसऱ्याच्या खुंट्यावर ते फिरतं, म्हणजे नाही म्हणायचं काम दुसऱ्याचं. कानामागून गळ्याच्या खळीपर्यंत हे दोन दोर येतात, मान वळवली की चटकन उठून दिसतात. आणि कंठाच्या वर, जिभेच्या बुडाशी, एक हाड असतं घोड्याच्या नालेसारखं, एवढंसं. अंगातलं दुसरं एकही हाड त्याला टेकत नाही. नुसत्या स्नायूंना धरून लोंबकळतं बिचारं. अंगात एवढी हाडं, सगळी एकमेकांना चिकटून बसलेली, आणि हे एकटंच. मला फार जवळचं वाटतं ते. हसू नका, प्लास्टरला भेग पडेल.

त्या फळीकडे बघताय का? नुसते डोळे वळवा. ते साचे आहेत. हे तुमच्या मानेवरचं कापून काढलं की त्याच्या पोकळीत प्लास्टर ओतायचं, की तुमची मान हुबेहूब माझ्या टेबलावर. मग कानशीने घासून गुळगुळीत करायची आणि तिच्यावर पट्टा बसवायचा. गुळगुळीत का, तर प्लास्टरच्या ओल्या पट्टीत कुठे हवा राहिली की साच्यावर फुगा येतो, आणि तो तसाच ठेवला तर पट्टा नीट बसत नाही. पट्टा झाला की साचे मी फोडून टाकतो. एवढे चार-पाच राहिलेत. त्या टोकाचा, बारीक मानेचा, तो आमच्या हिचा. शिवणयंत्रावर बसायची ना, तीस वर्षं, मान कायम खाली. तिला म्हटलं, जगाला पट्टे करतो, तुला सगळ्यात चांगला करीन. केलाही. दोन दिवस घासत बसलो होतो. डाव्या कानाखाली एक फुगा होता, बोराएवढा, तो घासून असा सपाट केला की हात फिरवला तरी कळू नये.

तो फुगा नव्हता.

डोळे दोनदा मिटू नका, मी काही विचारलं नाही तुम्हाला. ती म्हणायची, अहो, इथे टोचतंय. मी म्हणालो, होईल सवय. रोज गिऱ्हाइकांना सांगतो तेच तिला सांगितलं. चार महिने तो पट्टा गळ्यात, आणि गाठ पट्ट्याच्या आत. कुणाला दिसणार? मलाच दिसली नाही, ज्याने कानशीने घासून काढली त्याला. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. ती त्यांना म्हणाली, यांच्याकडे फार कामं असतात हो. माझ्यावर एकदासुद्धा चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, निदान तेवढा आवाज तरी कानात राहिला असता. आता तिच्या साच्यावर रोज हात फिरवतो आणि तो सपाटच लागतो. तिला जाऊन पाच वर्षं झाली.

झालं, सुकलं. हलू नका, कापतोय. आत लोखंडी पट्टी आहे, मानेला काही लागणार नाही. आ — सुटलं. हा टॉवेल घ्या. आता इकडे या, उजेडात, आतून बघा. हा खळगा दिसतोय? डाव्या बाजूला. बोट घाला. आता तेच बोट स्वतःच्या कानाखाली ठेवा. नाही, आणखी थोडं मागे. हं.

मगाशी माझा हात तिथेच थांबला होता. वयबिय काही नाही. खरं सांगू? तुमच्या मानेला साच्याची गरजच नव्हती, तयार पट्टा चालला असता. पण तुम्हाला तोंडावर कसं सांगायचं ते सुचेना, आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय माणूस मनावर घेत नाही. आणि दहा मिनिटं कुणीतरी समोर बसेल, तेही होतंच. सोडा ते. गाठ साधीही असेल, बहुतेक साधीच असते म्हणतात, पण ते मी ठरवायचं नाही आणि तुम्हीही नाही. डॉक्टरला दाखवा. उद्या नाही, आज. दुकान बंद ठेवा, घड्याळं कुठे पळून जात नाहीत.

पट्टा? पट्टा मी करणार नाही. डॉक्टरने बघितल्याशिवाय तुमच्या गळ्यात काही घालणार नाही मी. हा साचा त्या फळीवर राहील, कानशी लावणार नाही. काय म्हणाले ते येऊन सांगा — नाहीतर नका सांगू, पण जा. अहो, बसताय काय परत? उठा. जा म्हणतो ना.