आनंदाबाबांचा एक हात

हसू नका, त्या दिवशी माझं काम पहिल्याच तासात जाणार होतं. लोणखेड्याला पपई भरायची होती. मी खालून फेकायची आणि ट्रकात उभ्या आनंदाबाबांनी झेलायची. बाबांचा डावा हात कोपरापासून नाही. मुकादमानं आधीच बजावलं होतं, "एकबी फुटनी ते घर जाय!"

बाबांना झेपेल ना, या काळजीनं मी पहिली पपई हळूच फेकली. ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, खाली पडून फुटली.

मुकादम धावत आला. बाबा वरूनच म्हणाले, "मन्हा हातमाईन सुटनी, भो."

"तुम्हना हातमाईन? इतला सालमा एकबी नही सुटनी!" मुकादम माझ्याकडे वळला. "हाई एक माफ. पन पोऱ्या, तुन्हा दोन्ही हात धड शेतस ना?"

मी घाबरून दोन्ही हात पुढे करून दाखवले.