काशीरामशेठनी कॉम्प्युटरची अढी घातली

...आणि वर म्हणे, ‘शिका!’ अहो, कशावर शिकायचं? तुम्हीच सांगा! कॉम्प्युटर खोलीत, खोलीला कुलूप, कुलपाची किल्ली चेअरमन काशीरामशेठच्या करदोट्याला आणि करदोटा शेठबरोबर निम्मा महिना मुंबईत!

तुम्हाला सांगतो, सत्त्याऐंशी साली आमच्या मांडवीच्या आंबा सोसायटीत हे यंत्र आलं, तेव्हा शेठ टेबलावर हात आपटून गरजले, “आता क्रांती! मी पुढे, तुम्ही माझ्या मागे! आंब्याची पहिली पेटी निघायच्या आत जो कॉम्प्युटर शिकणार नाही, तो चिपळूणच्या गोदामात!” आणि सगळा स्टाफ, देवळात गाऱ्हाण्याला उभा असल्यासारखा, एका सुरात, “व्हय म्हाराजा!”

एकटा भिकाजी सोडून. हा आमचा हेडक्लार्क. चिपळूण म्हटलं की त्याचे पाय बसल्याजागी ओले व्हायचे! गोदाम नदीला लागून, पावसाळ्यात वाशिष्ठी आत येऊन बसते, कुणी ‘बस’ म्हटलं नाही तरी! आणि इथे घर हाकेवर, संध्याकाळी जेटीवर गळ टाकून बसायचं... हे सुख सोडून जायचं?

पण शिकणार कसा? शेठना मुंबईत कुणीतरी सांगितलं, खाऱ्या हवेत यंत्र गंजतं. झालं! बागायतदार माणूस, मोलाची वस्तू जपायची त्याला एकच रीत ठाऊक... पेंढा! खाली पेंढा, वर पेंढा, मध्ये कॉम्प्युटर, हापूसची अढी घालावी तसा! दसऱ्याला पूजा केली, गूळखोबऱ्याचा नैवेद्यही तिथेच ठेवला. टायपिस्ट मालननं विचारलं, “शेठ, कधी पिकेल हो?” “गप! मोठी कामं तुला नाही कळायची!” बाकीचे? “व्हय म्हाराजा!”

मग मालननंच आंब्याच्या पेटीची एक फळी घेतली, तिच्यावर खडूनं कीबोर्डच्या कळा काढल्या आणि अख्खं ऑफिस पाळीपाळीनं फळीवर टकटक, टकटक! भिकाजीनं फळी ढकलली. “मी नाय! फळीवर पोहायला शिकून दर्यात उडी मारू? पुढारी ना ते? मग आधी त्यांनी बोट लावायचं!”

“भिकूदादा, चिपळूण हां!” मालननं बजावलं.

“असूंदे चिपळूण!”

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मांडव, पाहुणे, नारळ, सगळं. पेंढ्यातनं काढून यंत्र टेबलावर मांडलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या सोसायटीनं जा यंत्र आणलान, ता बिनघोर चलू दे रं म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” शेठनी मिशीवर ताव दिला. “भिकाजी, दाब बटण!”

“न्हाय म्हाराजा!”

समुद्रसुद्धा थबकला... थाप नाही मारत, विचारा मांडवीला!

“काय म्हणालास?”

“तुमी पुढे, आमी मागे. तुमचाच शब्द, शेठ!”

पाहुणे बघतायत, आता काय करतील शेठ बिचारे? सरकले पुढे, डोळे मिटले, बोट टेकवलं आणि... लाल मुंग्या! पेंढ्यात नांदलेल्या, नैवेद्यावर पोसलेल्या, कळांच्या फटीफटीतून वर! बोटावरून बाहीत, बाहीतून थेट करदोट्यापर्यंत! शेठ असे नाचले, असे नाचले, की मागच्या पाहुण्यांना वाटलं करमणुकीचा कार्यक्रम सुरू झाला, त्यांनी टाळ्या पिटल्या! करदोटा तुटला आणि किल्ली टणकन भिकाजीच्या पायाशी. त्यानं ती उचलली, कपाळाला लावली. “आता शिकतो!”

जिंकला की नाही? पण पुढारी तो पुढारी! संध्याकाळी सुजलेल्या बोटांना हळद लावत शेठ म्हणाले, “दोष या खाऱ्या हवेचा. यंत्राला हवापालट हवा. हलवा चिपळूणच्या गोदामात! आणि किल्ली भिकाजीकडे आहे ना? मग तोच संगणक विभागप्रमुख!”

गेला हो! एस.टी.च्या टपावर यंत्र, आत भिकाजी आणि त्याच्या मांडीवर मालननं निरोपाला दिलेली ती फळी. “गो, ही कशाला?” “असूंदे, दादा.”

गोदामात पोचला, बरोबर आणलेलं कुलूप ऐटीत आपल्या किल्लीनं उघडून खोलीच्या कडीला अडकवलं, प्लग हातात घेऊन भिंत चाचपली, दुसरी चाचपली... तुम्हाला सांगतो, गोदामात वीजच नाही! शेठना फोन लावला, तर पलीकडून, “येईल रे वीज! मी आहे ना पुढे? तोवर सराव चालू ठेव!”

काय करणार? भिकाजीनं फोन ठेवला, फळी मांडीवर घेतली. टकटक... टकटक...

व्हय म्हाराजा!