मुलाखतीत पाणी आलं

माझ्या पीएचडीचे पैसे कोणामुळे मिळाले माहितीये? सावंत काकूंमुळे!

मी मेकॅनिकल सोडून समाजशास्त्रात घुसलेले ना, विषय घेतलेला: आमच्या दिवा उपनगरातल्या बिल्डिंगांमध्ये पाण्यावरून शेजारधर्म कसा ठरतो. पण फेलोशिपच्या प्रत्येक मुलाखतीत प्रश्न एकच, "इंजिनियरिंग सोडलंत कशाला?" दोनदा तिथेच आपटले. तिसरी मुलाखत ऑनलाइन होती, दिव्याच्या घरून. पॅनलवरच्या मुख्य मॅडमनीही तेच विचारलं. मी पाठ केलेलं उत्तर सुरू करणार, तेवढ्यात शेजारच्या सावंत काकू दार ढकलून थेट कॅमेऱ्यासमोर.

"अगं, पाणी आलंय, मोटर चालू होत नाहीये, आणि तू गप्पा काय मारत बसलीयेस?"

पाणी आल्यावर आमच्याकडे फेलोशिप-बिलोशिप कुणी बघत नाही. "एक मिनिट हं मॅडम," म्हणून पळाले. मोटरमध्ये एअर अडकलेली. ती काढली, मोटर चालू केली आणि निथळत परत आले. अख्खं पॅनल तसंच बसलेलं.

"झाली चालू?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"मग पहिलं पाणी कोणाकडे भरलं?"

"बाळंतिणीच्या घरी. मग म्हाताऱ्यांकडे. सेक्रेटरी शेवटी, कालच सगळ्यांशी भांडलेत."

मॅडमना हसू आवरेना. पुढे त्या आमच्या बिल्डिंगबद्दलच विचारत राहिल्या.

फेलोशिप मिळाली. पेढे घेऊन आधी काकूंकडे गेले. पेढा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "मोटर दुरुस्त केलीस म्हणून मिळाली ना? मग इंजिनियरिंग सोडलंस कशाला?"